लोखंडासाठी कोरडी खोली

समुद्रकाठी लोखंड विकत घेणं सोपं, सांभाळणं कठीण. आमच्या दापोली तालुक्यात, आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यात, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खिडकीचे गज, फाटकाची बिजागरी, सायकलची चेन, गॅस सिलिंडरचं बूड, सगळ्यावर तो तांबडा थर चढतोच. अशा गावात सुतारकामाची हत्यारं आणि व्यायामाची वजनं एकाच छपराखाली ठेवायची म्हणून मी मागल्या गोठ्याचं काम काढलं. त्यावर पहिली शंका सासूबाईंची. ‘उचलून परत तिथेच ठेवायचं, तर उचलायचं कशाला?’

याला शास्त्रीय उत्तर आहे. पाळी जाण्याच्या वयात बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि हाडांवर नेमाने भार दिला तर ती झीज मंदावते. पण त्यांनी ऐंशी वर्षांत विहिरीचं पाणी, गवताचे भारे, भाताची पोती एवढं उचललंय की त्यांना हाडांचं व्याख्यान देणं मला प्रशस्त वाटलं नाही. ‘गोठा तसाही रिकामाच आहे,’ एवढंच म्हणाले. ते त्यांना पटलं.

सुतारकामाचं वेड वजनं उचलण्याच्या वेडाहून अलीकडचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्याकडची घरं, माड, पोफळीच्या बागा झोडपून गेलं. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. कौलं मिळेनात, पत्रे मिळेनात, सुतार तर देवदर्शनासारखे दुर्मीळ. शाळा बंदच होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, हाताला काम नव्हतं. एक करवत, एक रंधा आणि दोन पटाश्या घेऊन मीच निखळलेली दारं बसवायला लागले, आणि फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा एकदा अंगावर पडला तो पडलाच. मग हत्यारं वाढत गेली. ती पलंगाखाली, माळ्यावर, गाडीच्या डिकीत राहू लागली आणि जिथे राहिली तिथे गंजली.

परदेशातले लोक गाडीच्या गॅरेजची अशी खोली कशी करतात, याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. बघायला फार छान. लाकडी चौकटीची भिंत, चौकटीच्या खणांत उष्णता अडवणारं काचतंतूंचं ग्लासवूल, त्यावर आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद, मग जिप्समचे तक्ते, कोपऱ्यात हीटर. माणूस कॉफी पीत बर्फाकडे बघतो आणि करवत चालवतो. नवऱ्याने तसाच बेत मांडला, यादीही केली. मी ती यादी बाजूला ठेवली, कारण तिथलं सगळं गणित थंडीचं आहे. तिथे आतली हवा गरम आणि तुलनेने दमट असते. ती वाफ भिंतीत शिरून थंड थराला लागली की तिचं पाणी होतं, म्हणून तिला आतच अडवायला कागद आतल्या बाजूला. आपल्याकडे वाफ बाहेरून येते. आत एसी लावून कोकणातली खोली गार केली, तर बाहेरची ओली हवा भिंतीतून आत येत येत थेट त्या प्लास्टिकच्या कागदाच्या पाठीवर येऊन थांबणार आणि तिथेच पाझरणार. दोन पावसाळ्यांत ग्लासवूलची ओली गोधडी होईल आणि चौकटीला वाळवी लागेल. ज्या बाजूने ओल येते त्या बाजूला अडसर हवा, हे एवढं एक ध्यानात धरलं तर बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

पहिला निर्णय छपराचा. आमचं गाव साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे ऊन खातं ते छप्पर, भिंती नव्हेत. भिंतींना जाड थर लावण्यात पैसे घालवायचे आणि छपरावर काटकसर करायची, हा उलटा व्यवहार इथे मी बऱ्याच नव्या बंगल्यांत बघते. गोठ्याची कौलं वादळात गेल्यावर आम्ही घाईने साधे पत्रे टाकले होते. त्यांनी मला थर्मोडायनॅमिक्सचा एक धडा फुकटात दिला. दिवाळीच्या सुमाराला आभाळ निवळलं की रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून देतो आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे आत उभं राहून टॉर्च वर मारला की पत्र्याला खालून थेंबांची रांग दिसायची. एखादा थेंब फुगायचा, शेजारच्याला गिळायचा, पन्हळीच्या उताराने सरकत यायचा आणि आडव्या पाइपाला अडून तिथून टपकन खाली. बाहेर पाऊस नाही, पत्र्याला भोक नाही, आणि खाली ठेवलेली करवत ओली.

म्हणून पफचं पॅनेल घेतलं. दोन पातळ रंगीत पत्रे आणि त्यांच्या मध्ये ५० मिलिमीटर पॉलियुरेथेनचा फेस. वरचा पत्रा तापो की थंड पडो, खालचा खोलीच्या हवेइतकाच राहतो, त्यामुळे थेंब धरत नाही. पावसाचा ताशाही निम्म्याने उतरतो. शेजारी कौलांच्या बाजूने भांडले. कौलारू घराला माळा असला तर त्या दोहोंमधली हवा उत्तम काम करते हे मला मान्यच आहे. आमच्या राहत्या घराला तेच आहे आणि ते मी बदलणार नाही. पण कौलांच्या फटींतून हवा खेळते, आणि मला ज्या खोलीत हवा खेळायला नको होती तिला कौलं चालणार नव्हती. पफचा एक दुर्गुण मात्र विकणारे स्वतःहून सांगत नाहीत. पेटला तर धूर विषारी. म्हणून वेल्डिंग आणि ग्राइंडर या छपराखाली बंद, ते अंगणात.

वजनाचा मुद्दा मिस्त्रींनी काढला. ‘वहिनी, हे तर हातात धरलं की उडतंय. वादळात राहील का?’ बरोबर होतं त्यांचं. एका चौरस मीटरला हे पॅनेल दहा-बारा किलो भरतं. ताशी १२० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ६५ किलोंचा दाब टाकतो, आणि तो छपरावरून घसरत जाताना त्याच हिशेबात छपराला वर ओढतो. मंगलोरी कौलांचं वजन तेवढ्याच जागेत चाळीस किलोंच्या आतबाहेर, म्हणून त्या दिवशी कौलंही पाखरांच्या थव्यासारखी गेली. म्हणजे वजनावर भिस्त ठेवून भागत नाही, छप्पर जमिनीला बांधावं लागतं. मिस्त्रींनी भिंतींवर काँक्रीटचा पट्टा ओतला, त्यात पाइपांचे पाय गाडले, आणि पॅनेल रबरी वायसरच्या स्क्रूंनी प्रत्येक आडव्या पाइपाला आवळलं. कडेच्या ओळींना स्क्रू दुप्पट, कारण वारा आधी कडच उचकटतो.

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, आधीच्याच. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागेल तसा कडक होत जातो. हा त्याचा गुण. सच्छिद्र आहे आणि पाणी पितो, हा अवगुण. गोठ्याच्या निम्म्या भागाला कंबरभरच भिंत होती, वर मोकळं. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेच्या अंगाला माडाच्या झापांची झडी बांधायचे, कारण आपल्याकडचा पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. मी पश्चिमेची भिंत बाहेरून गिलावा करून घेतली आणि छप्पर त्या बाजूला तीन फूट पुढे काढलं. वाळूवरून थोडी हुज्जत झाली. स्वस्तात खाडीची वाळू मिळत होती. धुतली की चालते, असं सगळे म्हणतात, पण किती धुतली हे कोण बघायला जातं? तिच्यातलं मीठ काँक्रीटमधल्या सळीला आतून खातं. आम्ही क्रशची वाळू आणली. कागदपत्रांचं फार सांगत नाही. भरतीरेषेजवळ बांधकामाचे नियम १९९१ पासून आहेत, ते वेळोवेळी बदललेत, आणि जुन्या जोत्याच्या बाहेर मी वीतभरही गेले नाही.

विजेचं काम माझ्या एका माजी विद्यार्थ्याने केलं. तो आता वायरमन आहे, अजून मला बाई म्हणतो आणि अजून घाईत उत्तर देतो. ‘बाई, अडीचची वायर टाकतो. घरात सगळीकडे तीच आहे.’ घराच्या बोर्डापासून गोठा तीस मीटरवर. आमच्या रंधा-करवतीच्या मशीनला दोन हॉर्सपॉवरची मोटर, चालू असताना ती अकरा-बारा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट. मी त्याला पडवीतल्या फरशीवर खडूने गणित करायला लावलं. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला साधारण साडेसात ओहम रोध, चारच्या तारेला साधारण साडेचार. जाऊन-येऊन साठ मीटर. अडीचच्या तारेत मोटर सुरू होताना पंचवीसहून जास्त व्होल्ट वाटेतच जिरतात, चारच्या तारेत सोळा-सतरा. आमचं घर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, शेवटच्या टोकाला. संध्याकाळी दिवे लागले की घरातच १९० व्होल्ट येतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १९० ला तो दोनतृतीयांशच उरतो. त्यातून आणखी पंचवीस गेले तर मोटर फिरणार नाही, गुरगुरेल आणि तापेल. त्याने खडू झटकला आणि म्हणाला, ‘चारचीच टाकतो. दहावीला हे एवढं कळलं नव्हतं.’ दहावीला मलाही ते एवढं नीट शिकवता आलं नसेल, कारण तेव्हा समोर मोटर नव्हती.

आर्मर्ड केबल अडीच फूट खोल पुरली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. अडीच फूट म्हणजे वीतभर मातीखाली सगळा कातळ, आणि दोन गडी पहार घेऊन. अर्थिंगचंही तसंच. जांभा मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि कोरड्या जांभ्यात वीज जमिनीत नीट उतरत नाही. म्हणून अर्थिंगचा पाइप गोठ्याजवळ न ठोकता मोरीचं पाणी जिथे केळीच्या आळ्यात जातं, तिथे घातला. तिथली माती बारा महिने ओली असते. वर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, म्हणजे वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारी डबी. ओल्या फरशीवर, घामेजल्या हातांनी, लोखंडी बार धरून उभं राहणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत त्या एवढ्याशा डबीइतकी आहे, आणि तरी गावात निम्म्या घरांत ती नाही. तिच्यावरचं टेस्टचं बटण मी महिन्याला एकदा दाबते. दाबलं की सगळं बंद होतं आणि घरातून ओरड येते.

इथवर एकच मोठी खोली करायचा बेत होता, एका बाजूला सुतारकामाचं टेबल, दुसऱ्या बाजूला वजनं. तो बदलला, कारण घामाचा हिशेब. चोवीस बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ८० घनमीटर हवा. २८ अंशाला ती हवा पूर्ण भिजली तर तिच्यात सव्वादोन लिटरच्या जवळपास पाणी असतं. म्हणजे पावसाळ्यात कसंबसं ६० टक्क्यांवर आणून ठेवलं तर सव्वा-दीड लिटर. आता या बंद खोलीत मी तासभर घाम गाळणार. मे महिन्यात जोर लावला तर लिटरभर घाम सहज निघतो. त्यातला अर्धाच हवेत गेला तरी ६० ची खोली ८० च्या पुढे जाते. आणि ८० म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात विचारावं. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचं मीठही असतं, ते तर तेहतीसलाच पाझरतं. आपल्याकडच्या प्रत्येक पटाशीवर हे मीठ आधीच वाऱ्याने येऊन बसलेलं असतं, न दिसणारं. हवा जरा दमट झाली की त्याचं खारट पाणी होतं, आणि पुढचं काम लोखंड आणि प्राणवायू आपसांत उरकतात.

थोडक्यात, व्यायाम करणारं माणूस आणि धारेची हत्यारं यांनी एका हवेत राहू नये. सगळा गोठा कोरडा करण्याचा हट्ट मी सोडला आणि मध्ये भिंत घातली. कंबरभर भिंतीचा अर्धा भाग व्यायामाला, वर दोन्ही बाजूंनी जाळी, छपराला मोठा पंखा. इथे हवा कोरडी करण्याच्या फंदात पडायचंच नाही, ती हलती ठेवायची. दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून अंग गार होत नाही, आणि त्यावर वाऱ्याशिवाय उपाय नाही. आतला दहा बाय बाराचा भाग हत्यारांचा. त्याच्या भिंती वरपर्यंत नेल्या, बाहेरून ओल रोखणारा रंग दिला, दाराला फ्रिजसारखी रबरी पट्टी लावली, खिडकी एकच आणि काचेची. आत साडेतीनशे वॅटचं हवा कोरडी करणारं यंत्र. एवढीशी खोली असल्याने ते दिवसाचे काही तासच चालतं. भर श्रावणात हवेतली ओल मोजणारं काट्याचं घड्याळ ५५-६० टक्के दाखवतं.

खोली घट्ट बंद केली की भुशाचा प्रश्न येतो. बारीक भुसा फुप्फुसात जाणं हा काही बरा व्यायाम नव्हे. म्हणून मशीन बाहेरच्या भागात, चाकांवर. काम झालं की ढकलून आत. हाताची कामं, डिंक लावणं, पॉलिश आत. लाकडालाही या खोलीचा गुण येतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या फळीत वीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, या खोलीत आठवडे ठेवली की ते अकरा-बारावर येतं. पूर्वी मी जुलैत केलेला खण मार्चमध्ये खुळखुळायचा आणि मार्चमध्ये केलेला जुलैत उघडायचा नाही. घरात सगळे त्याला माझ्या हाताचा दोष समजायचे.

बाहेरच्या भागातलं लोखंड मात्र समुद्राच्या स्वाधीन आहे, तिथे वेगळी नीती लागते. बायकांचा ऑलिंपिक बार १५ किलोंचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो, पुरुषांच्या २८ पेक्षा बारीक, माझ्या मुठीत बसतो. तो स्टेनलेस स्टीलचा घेतला, महाग पडला तरी. स्वस्त क्रोमचा मुलामा इथे आधी फुगतो, मग पापुद्रे सोडतो आणि ते हाताला लागतात. पकडीसाठी बारवर जी खरखरीत नक्षी असते तिच्या खाचांत घामाचं मीठ साचतं. ते गोड्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने काढायचं, कोरडं पुसायचं आणि मग तेलाचा हात. तेलाआधी पाणी, हे लोकांना विचित्र वाटतं, पण मिठावर तेल चोपडलं तर मीठ खाली सुखरूप राहतं. नुसतं मशीनचं पातळ तेल पुरतं. खोबरेल नको, खवट होऊन चिकटतं. वजनांच्या चकत्या रबराच्या. रबरी मॅट पावसाळ्यात आठवड्याला उचलून उभ्या करायच्या, नाहीतर खाली लादीला सुटलेलं पाणी तिथेच कुजतं. आमच्या शाळेतल्या मल्लखांबाचा मला कधीकधी हेवा वाटतो. सागवानाचा खांब, एरंडेल चोळलं की झालं. गंजायला तिथे काही नाहीच.

पटाश्या आणि रंध्याची पाती आतल्या खोलीतही एका लाकडी कपाटात असतात. कपाटात कापराच्या वड्या. हा गावातल्या जुन्या सुतारांचा उपाय. मला आधी तो वासापुरता वाटायचा, पण कापराची वाफ पात्यावर बसते आणि बंद जागेत ती खरंच काम करते, दोन पाती वेगवेगळ्या डब्यांत ठेवून मी पाहिलं. वीज आठवडाभर गेली तर यंत्र बंद पडणार, तेव्हा भरवसा कपाटाच्या दारावर आणि कापरावरच.

यंत्राच्या बादलीत साचलेलं पाणी सासूबाई अबोलीला घालतात. त्या आता दुपारी आतल्या खोलीत येऊन बसतात. इथे पापड सादळत नाहीत हा शोध त्यांचा, आणि त्यापाठोपाठ माझ्या फळ्यांच्या मांडणीवर फेण्यांचे, कुरडयांचे डबे आले. मी हरकत घेतली नाही. जागा त्यांच्या गुरांचीच होती.

आता गणपतीत मुंबई-पुण्याची सगळी मंडळी येतील. घरातल्या गाद्यांना भाद्रपदात वास मारतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोरड्या खोलीची बातमीही पोचलेली आहे. धाकट्या दिरांनी फोनवर झोपायची जागा सांगूनच टाकली. मी हो म्हटलं, अटी घालून. दार रात्रभर बंद, कपाट उघडायचं नाही, आणि समुद्रावरून आलात की ओले टॉवेल बारवर वाळत घालायचे नाहीत. तिसरी अट दोन दिवसही पाळली जाणार नाही, म्हणून आतापासूनच अंगणात वेगळी दोरी बांधून घेतेय.